गुलाबाची काळी पडणारी फांदी

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



दसरा होऊन पावसाळी ढग पांगले, कीं पुण्याच्या बागांतून कात्र्यांचा आवाज ऐकूं येऊं लागतो. गुलाबाच्या छाटणीचा हा हंगाम. चार महिन्यांच्या पावसानें माजलेलीं, अंगभर काळ्या ठिपक्यांचीं पानें मिरवणारीं झुडपें माळी गुडघ्यापर्यंत खालीं आणतो. मालक पायरीवर उभा राहून 'अहो, जरा बेतानें' असें म्हणत असतो. आणि मग दोघेही दीड-दोन महिन्यांनीं येणाऱ्या फुलांची वाट पाहूं लागतात. बहुतेक झुडपांना पंधरवड्यांत तांबूस धुमारे फुटतात. एखाद्याच्या बाबतींत मात्र निराळेंच घडतें. कात्रीनें जेथें फांदी कापली, तेथें प्रथम एक तपकिरी कडें दिसतें. कांहीं दिवसांनीं तें बोटभर खालीं उतरतें आणि वरचा भाग काळा पडतो. फांदीवरचा पहिला डोळा फुगलेला असतो, तो तसाच वाळून जातो. मग त्याच्या खालचा. शेवटीं तो काळेपणा फांदीच्या बुडाशीं येऊन टेकतो आणि तेथून शेजारच्या फांदींत शिरतो.

इंग्रजींत या विकाराला 'डायबॅक' म्हणतात; आपल्याकडे कोणी 'मर' म्हणतात, कोणी 'शेंडेमर'. माझ्या वडिलांनीं लावलेला एक पिवळा गुलाब या विकारानें आमच्या अंगणांतून जाऊं लागला, तेव्हां त्याचें कारण शोधण्याच्या निमित्तानें मी जुन्या पुस्तकांत शिरलों. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. इतिहासाचा वाचक आहें. एका सुकणाऱ्या फांदीभोंवतीं इतका इतिहास गुंडाळलेला असेल, अशी मला कल्पना नव्हती. तोच आज आपणापुढें मांडतों.

पहिला धागा आपल्याच घरांत सांपडला. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत 'वृक्षायुर्वेद' नांवाचा एक छोटा अध्याय आहे. ग्रंथ ज्योतिषाचा, पण त्यांत पाऊस, भूकंप, रत्नें, वास्तु यांच्याबरोबर झाडांनाही जागा मिळाली आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळें झाडांना रोग होतो असें सांगून वराहमिहिर त्याचीं चार लक्षणें देतो: पानें फिकट पडणें, कोंवळे अंकुर न वाढणें, फांद्या सुकणें आणि रस पाझरणें. यांपैकीं तिसऱ्या लक्षणासाठीं त्यानें वापरलेला शब्द आहे 'शाखाशोष'. 'डायबॅक'ला याहून नेमका प्रतिशब्द मला तरी सुचत नाहीं. उपचार सांगतांना तो आरंभींच शस्त्र हातीं घ्यावयास सांगतो. रोगट भाग शस्त्रानें साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूध मिसळलेलें पाणी घालावें, असा त्याचा क्रम आहे. पुढें सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदां'त तर झाडांच्या रोगांची वात, पित्त आणि कफ अशी माणसासारखीच विभागणी केलेली आढळते. त्या ग्रंथाचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होतें. तें इंग्रजी भाषांतरासह १९९६ सालीं सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह अशा वेळीं होतो. वराहमिहिरासमोर फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष असलीं झाडें होतीं. आपला आजचा कलमी गुलाब नव्हता. बुरशीची त्याला कल्पना नव्हती आणि रोगाचें मूळ तो हवामानांतच पाहत होता. पण एक गोष्ट त्याची त्यालाच दिली पाहिजे. आधीं शस्त्र आणि मग लेप, हा त्याचा क्रम. पुढच्या हजार-बाराशें वर्षांत माणसानें या क्रमाची वारंवार उलटापालट केली आणि त्याचें मोल झाडांनीं दिलें.

आतां आपण अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला जाऊं. विल्यम फोर्सिथ हा स्कॉटलंडांतून आलेला माळी १७८४ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजाच्या केन्सिंग्टन येथील बागांचा प्रमुख झाला. तेथें जुनीं, पोखरलेलीं, फांद्या वाळलेलीं फळझाडें पुष्कळ होतीं. तीं उपटून टाकण्याऐवजीं त्यानें त्यांना एक लेप लावण्यास सुरुवात केली, आणि झाडें पुन्हां फळूं लागलीं असें जाहीर केलें. गोष्ट राजवाड्याच्या भिंतीआंतच राहिली असती. परंतु तो काळ आरमाराचा होता. इंग्लंडचें सामर्थ्य ओकच्या लाकडावर तरंगत होतें, आणि जहाजांना लागणारें निकोप लाकूड दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललें होतें. किडलेला ओक जर लेपानें बरा होत असेल तर तो लेप तोफेइतकाच मोलाचा! पार्लमेंटनें चौकशी केली, साक्षी घेतल्या, आणि लेपाची कृति जगजाहीर करण्याच्या अटीवर फोर्सिथला पंधराशें पौंड दिले. १७९१ सालीं ती कृति छापून प्रसिद्ध झाली.

काय होतें त्या लेपांत? एक माप गाईचें ताजें शेण. अर्धें माप जुन्या इमारतीच्या चुन्याचा चुरा, तोही खोलीच्या छताचा मिळाल्यास उत्तम. अर्धें माप लाकडाची राख. एक-षोडशांश माप नदीची किंवा खाणींतली वाळू. चुरा, राख आणि वाळू चाळून घ्यावी, शेणांत कालवावी आणि गिलाव्यासारखी घोटावी. पुढें तो हा लेप मूत्र आणि साबणाचें पाणी घालून पातळ करूं लागला व वरून राख आणि हाडांची भुकटी भुरभुरूं लागला. आमच्याकडील एखाद्या आजीबाईनें हें ऐकलें असतें, तर सारवणासाठीं पंधराशें पौंड देणाऱ्या राज्याचें तिला नवल वाटलें असतें.

फोर्सिथवर टीका करणाराही लौकरच उभा राहिला. टॉमस अँड्र्यू नाइट हा पुढें लंडनच्या उद्यानविद्या मंडळाचा दीर्घकाळ अध्यक्ष असलेला, अत्यंत चिकित्सक बागाईतदार. त्यानें १८०२ सालीं लेपाच्या गुणाविषयीं उघड शंका प्रसिद्ध केल्या. पोकळ झालेलें खोड पुन्हां भरून येतें हा दावा त्याला मुळींच मान्य नव्हता. वाद पेटला, पत्रकें निघालीं, आणि १८०४ सालीं फोर्सिथ वारला. पिवळ्या फुलांच्या एका झुडपाला त्याच्या स्मरणार्थ 'फोर्सिथिया' हें नांव मिळालें, तें मात्र टिकलें. मला या वादांत एक गोष्ट फार बोलकी वाटते. लेप लावण्यापूर्वीं सडका, मेलेला सर्व भाग निकोप लाकूड लागेपर्यंत तासून काढावा, अशी फोर्सिथची सक्त सूचना होती. म्हणजे काम करीत होती ती सुरी, आणि बक्षीस मिळालें शेणाला.

रोगाचें खरें बीज काय, हें कळावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें. फ्रान्समधील प्रेव्हो यानें १८०७ सालीं गव्हाच्या काणीचे सूक्ष्म बीजकण रुजतांना पाहिले आणि तांब्याच्या अंशानें त्यांचें रुजणें थांबतें हेंही पाहिलें. पण त्याचें कोणी फारसें ऐकलें नाहीं. बुरशी रोगामुळें उगवते, असेंच बहुतेक विद्वान् मानीत. रोग बुरशीमुळें होतो हें आंटोन दे बारी या जर्मन शास्त्रज्ञानें १८५३ पासून पुढच्या दहा वर्षांत पुराव्यानिशीं सिद्ध केलें. आणि १८८२ च्या शरद ऋतूंत बोर्दो परगण्यांतील द्राक्षमळ्यांतून फिरत असतां मिलार्दे या प्राध्यापकाला रस्त्याकडेच्या वेलींचींच पानें तेवढीं टिकलेलीं दिसलीं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मळेवाल्यांनीं त्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचें निळें पाणी शिंपडलें होतें. चोरांसाठीं केलेली युक्ति बुरशीला लागू पडली! १८८५ सालीं मिलार्देनें आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि 'बोर्डो मिश्रण' जगभर गेलें. नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

आतां गुलाबाकडे वळूं. आणि येथें मी थोडा रेंगाळणार आहें, कारण माझ्या अंगणांतील झुडपाचें कुळ येथेंच सांपडलें.

एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील लिओं शहर गुलाबांची राजधानी होतें. १८६७ सालीं गियो यानें तेथें 'ला फ्रान्स' हा गुलाब निर्माण केला, आणि आज आपण ज्यांना 'हायब्रिड टी' म्हणतों त्या वर्गाचा तो पहिला मानला जातो. गुलाबी, पांढरे, लाल, सर्व रंग त्या वर्गांत आले. फिकट पिवळेही होते. परंतु हळदीसारखा गडद, न विटणारा पिवळा रंग मात्र कोणालाच साधेना. तो रंग होता एका रानट कुळांत. पश्चिम आशियांतील ज्या जातीच्या फुलांना उग्र दर्प येतो म्हणून शास्त्रज्ञांनीं तिचें नांवच 'दुर्गंधी गुलाब' अशा अर्थाचें ठेवलें आहे, तिचा 'पर्शियन यलो' नांवाचा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार. इराणांतून सर हेन्री विलॉक यांनीं तो १८३७ च्या सुमारास इंग्लंडांत आणला होता. रंग पाहून सर्व मोहित झाले. पण तो संकराला जवळ जवळ वश होईना.

लिओंमधील जोसेफ पेर्ने-द्यूशे यानें १८८३ च्या सुमारास या कामास हात घातला. वर्षामागून वर्षें त्यानें परागसिंचन केलें. बी धरे ना, धरलें तर रुजे ना. शेवटीं एका जांभळट तांबड्या गुलाबाशीं केलेल्या संकरांतून त्याला हवें तें मिळालें आणि १९०० सालीं 'सोलेय दॉर', म्हणजे सोन्याचा सूर्य, बाजारांत आला. सतरा वर्षांची तपश्चर्या म्हणावी लागेल. त्यानंतर पिवळ्या, नारिंगी, तांब्याच्या रंगाच्या गुलाबांचा पूर लोटला. त्या वर्गाला पेर्नेच्याच नांवावरून 'पेर्नेशियाना' म्हणूं लागले. पहिल्या महायुद्धांत त्याचे दोन्ही मुलगे, क्लॉडियस आणि जॉर्ज, मारले गेले. १९२० सालीं त्यानें एक शुद्ध पिवळा गुलाब थोरल्या दुःखाच्या स्मरणार्थ 'सुव्हनीर द क्लॉडियस पेर्ने' या नांवानें जगाला दिला. पुढच्याच वर्षीं दुसरा, जॉर्जच्या नांवानें. १९२८ सालीं तो स्वतः वारला.

पण सोन्याबरोबर दुसरेंही कांहीं इराणांतून आलें होतें. कोरड्या, कडक उन्हाच्या मुलखांतली ती जात. तिला कात्री सोसत नाहीं आणि ओलसर हवेंत पानांवरचा काळा ठिपका तिला पटकन् पकडतो. हे दोन्ही अवगुण संततींत उतरले. काळ्या ठिपक्यानें पानें गळालीं म्हणजे झाडाची शिजवण बंद पडते. अन्न नाहीं म्हणून कोंवळ्या फांदीचें लाकूड पक्कें होत नाहीं. आणि अशा अर्धकच्च्या फांदीवर कात्री पडली, कीं जखम भरण्यापूर्वींच बुरशी आंत शिरते. युरोपांतील बागवानांनीं या नव्या गुलाबांचें जितकें कौतुक केलें, तितकीच त्यांच्या मरणाऱ्या फांद्यांबद्दल तक्रारही केली. तरी पिवळा रंग कोणी सोडला नाहीं. फ्रान्सिस मेयाँ यांचा जगद्विख्यात गुलाब, ज्याला १९४५ सालीं अमेरिकेंत 'पीस' हें नांव मिळालें, त्याच्या पूर्वजांच्या यादींतही क्लॉडियस पेर्ने आहे. आज आपल्या गच्चीवर जो पिवळा, केशरी किंवा दुरंगी कलमी गुलाब फुलतो, त्याच्या रक्तांत थोडाफार तो इराणी वारसा असण्याचा संभव फार. आमचे माळीबुवा एकदां म्हणाले होते, 'साहेब, पिवळा कात्रीला रुसतो.' त्यांनीं पेर्नेचें नांव ऐकलें नव्हतें; पण निदान अचूक होतें.

फांदीच्या मरणाचें शास्त्रीय निदान विसाव्या शतकांतलें. त्याचें बरेंचसें श्रेय दोन स्त्रियांना आहे, हें मला मुद्दाम सांगावेंसें वाटतें. अमेरिकेंतील ॲना जेन्किन्स यांनीं १९१८ सालीं गुलाबाच्या तपकिरी व्रणाची बुरशी ओळखून तिचें वर्णन केलें. दुसऱ्या सिंथिया वेस्टकॉट. कॉर्नेल विद्यापीठांत त्यांनीं 'डागणीचा व्रण' या रोगावर प्रबंध लिहून १९३२ सालीं डॉक्टरेट मिळविली. फांदीवर तापल्या सळईनें डाग दिल्यासारखी काळी खूण उमटते, म्हणून हें नांव. त्यांना असें दिसून आलें कीं, थंडीपासून रक्षण व्हावें म्हणून झुडपाच्या बुडाशीं जी माती चढवितात, तिच्या ओलाव्याखालींच हा रोग आंतल्या आंत वाढतो आणि माती काढल्यावर उघडा पडतो. रक्षणासाठीं केलेला उपायच रोगाचें घर! पदवी मिळाल्यावर वेस्टकॉट बाईंनीं न्यू जर्सींत 'झाडांचा डॉक्टर' अशी पाटी लावून खासगी बागांची प्रॅक्टिस सुरू केली. दवाखान्यांत बसून नव्हे, तर स्वतः बागोबाग फिरून. हें मंदीच्या ऐन काळांत, १९३३ सालीं.

आपल्या देशांत गुलाबाच्या शेंडेमरीशीं मुख्यतः दोन बुरशींचीं नांवें जोडलीं जातात. एक 'डिप्लोडिया रोझारम'. दुसरीचें नांव लांबलचक आहे, 'बोट्रिओडिप्लोडिया थिओब्रोमी'. आतां तिला 'लासिओडिप्लोडिया' म्हणतात. पातुयार या फ्रेंच पंडितानें १८९२ सालीं ती कोकोच्या झाडावरून वर्णिली. आपल्या घरांत मात्र ती कोकोशिवाय येते. आढींत पिकणारा आंबा देठाकडून काळा पडत जातो आणि दोन दिवसांत पाणी सुटून हातीं लागत नाहीं, त्या सडण्याच्या मुळाशीं पुष्कळदां हीच बुरशी असते. आंब्याच्या निकोप फांदींतही ती कुरबूर न करतां वस्तीला राहते आणि झाड अशक्त झालें किंवा फळ पिकूं लागलें म्हणजे डोकें वर काढते. गुलाबाचेंही असेंच समजावें. बुरशी हवेंत, मातींत, मेलेल्या काड्यांवर सर्वत्र आहे; तिला दार उघडून देते ती जखम, आणि आंत बसूं देतो तो झाडाचा अशक्तपणा.

म्हणून निदान करतांना पहिला प्रश्न 'कोणती बुरशी' हा नसून 'मरण कोठून सुरू झालें' हा असतो. काळेपणा कापलेल्या टोंकापासून खालीं उतरत असेल, तर ती शेंडेमर. फांदीच्या मधोमध जांभळट कडेचा डाग असून वरचा भाग सुकला व खालचा हिरवा राहिला असेल, तर तो व्रण. मेलेल्या सालीवर मोहरीहून बारीक काळे पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले, तर ती बुरशीचीं बीजकोठारें. फांदीवर पांढुरका किंवा करडा खरबरीत थर असेल आणि तो नखानें खरवडून निघत असेल, तर ती खवले कीड. ती रस शोषून फांदीला आधीं अशक्त करते आणि बुरशी मागाहून येते. सर्व फांद्या एकदमच मलूल झाल्या असतील, तर वर पाहण्यांत अर्थ नाहीं. पाणी साचून मुळें कुजलीं आहेत कीं वाळवी लागली आहे, तें जमीन उकरून पाहावें. आणि एक मरण असें आहे कीं तो रोगच नव्हे. माळ्यानें डोळ्याच्या वर दोन-तीन इंच फांदी उगीच ठेवली असेल, तर तेवढा खुंट वाळतोच, कारण त्याच्यावर रस ओढणारें पान नाहीं. तो डोळ्यापाशीं येऊन थांबला तर काळजीचें कारण नाहीं. पण तो मेलेला तुकडा बुरशीला आयतें बिऱ्हाड देतो, म्हणून ठेवूं नये हेंच बरें.

लेपाची कथा मात्र फोर्सिथबरोबर संपली नव्हती. रानीखेतजवळ चौबटिया येथें सरकारी फळसंशोधन केंद्र आहे. सफरचंद, नासपती यांच्या खोडांवरील रोगांसाठीं तेथें १९४२ सालीं एक लेप तयार झाला. चार भाग ताम्र कार्बोनेट, चार भाग शेंदूर आणि पांच भाग जवसाचें तेल. हा 'चौबटिया लेप' पहाडावरून उतरून उत्तर हिंदुस्थानांतील गुलाबबागांत आला आणि छाटलेल्या प्रत्येक टोंकावर तांबडा ठिपका देण्याची पद्धति पडून गेली. गव्हाच्या तांबेऱ्याशीं झुंजणारे आणि १९६५ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचेही मोठे संवर्धक होते. १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द रोझ इन इंडिया' या ग्रंथानें गुलाबाची जोपासना सुशिक्षित घरांत रुजविली. चौबटिया लेपाबद्दल आज एक इशारा दिला पाहिजे. शेंदूर म्हणजे शिसें, आणि शिसें हें विष. ज्या घरांत लहान मुलें गुलाबाला हात लावतात, तेथें तो लेप वापरूं नये. त्याऐवजीं बोर्डो मलम पुरेसें आहे: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या पाण्यांत विरघळवून मिळून एक लिटर करावें. भांडें मातीचें किंवा प्लॅस्टिकचें घ्यावें. घासून चकाकविलेलें लोखंडी पातें त्यांत क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असें समजून थोडा वाढवावा.

आणि आतां या कथेंतला शेवटचा साक्षीदार. अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो यांनीं १९५९ पासून पुढें सव्वीस वर्षें एक अगदीं साधें काम केलें. पूर्वींचे शास्त्रज्ञ झाड आडवें कापून पाहत. शायगोंनीं यांत्रिक करवतीनें हजारों झाडें उभीं चिरून पाहिलीं. त्यांना दिसलें कीं, माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाहीं. जखमी भागाभोंवतीं झाड आंतून भिंती घालतें, तो भाग कोंडून टाकतें आणि बाहेरून नवें लाकूड वाढवितें. डांबर, रंग, शेलॅक असले लेप लावलेल्या आणि न लावलेल्या जखमा पांच वर्षांनीं चिरून पाहिल्या, तेव्हां लेपानें कुजणें थांबविल्याचें दिसेना. छाटणी कोठें केली यावर मात्र सारें अवलंबून होतें. नाइटची शंका अशा रीतीनें पावणेदोनशें वर्षांनीं खरी ठरली.

मग गुलाबाला मलम लावावें कीं नाहीं? शायगोंचे प्रयोग मोठ्या वृक्षांवरचे; आणि त्यांचे लेप बहुतांशीं नुसते झांकणारे. तांब्याचें मलम ताज्या जखमेवर पडणाऱ्या बीजकणांना कांहीं दिवस रोखतें, आणि शेंडेमरीचा त्रास असलेल्या बागांत त्याची शिफारस आजही केली जाते. मी तें लावतों. पण मलमाखालीं तपकिरी गाभा ठेवून लावलेलें मलम म्हणजे सडक्या दातावर सोन्याचें टोपण. फांदी कापल्यावर मधला गाभा पाहावा. तो पांढरा, ओलसर असला तर ठीक; तपकिरी असला तर आणखी खालीं कापावें, आणि पांढरा लागल्यावरही खालचा एखादा डोळा सोडून द्यावा, कारण आंतली बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढें गेलेली असते. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, तिरका काप द्यावा. कात्री धारदार हवी; बोथट कात्री फांदी चेचते. रोगट झुडपावरून दुसऱ्या झुडपाकडे जातांना पातें स्पिरिटनें पुसावें. काढलेल्या काड्या कुंपणाशीं रचून ठेवूं नयेत, जाळाव्यात. छाटणीनंतर आठ दिवस कोरडे मिळतील असा मुहूर्त धरावा, आणि शेणखत घालतांना तें फांद्यांच्या बुडाला टेकवूं नये. वेस्टकॉट बाईंचा धडा येथेंही लागू आहे. पावसाळ्यांत काळ्या ठिपक्यावर लक्ष ठेवणें हीही ऑक्टोबरच्या शेंडेमरीवरचीच औषधयोजना होय.

हें सर्व मला समजलें तें उशिरा. आमच्या पिवळ्या गुलाबाला तीन फांद्या होत्या. पहिली काळी पडली त्या वर्षीं मी तिच्या टोंकाला शेणाचा गोळा लावला आणि निश्चिंत झालों. फोर्सिथची गोष्ट तोंवर मी वाचली नव्हती. दुसऱ्या वर्षीं दुसरी गेली. तिसरी वेळेवर कापायची, तर जिवावर येईना. वडिलांच्या हातची म्हणून. शेवटीं माळीबुवांनीं माझ्या हातांतून कात्री घेतली आणि गाभा पांढरा लागेपर्यंत ते खालीं खालीं जात राहिले. पांढरा लागला तो कलमाच्या गांठीच्या खालीं. पौषांत तेथून एक जोमदार फुटवा आला. घरांत सर्वांना आनंद झाला. मी पानें मोजलीं. एका देठावर सात-सात होतीं. डोळा भरलेला गुलाब संपला होता, आणि त्याला इतकीं वर्षें पोसणारा रानगुलाबाचा खुंट आतां स्वतःसाठीं फुटला होता. माळीबुवा म्हणाले, 'साहेब, उपटूं नका. खुंट चांगला आहे, याच्यावर पुन्हां डोळा भरूं.' पिवळा डोळा कोठें मिळेल, याची चौकशी अजून चालू आहे. तोंवर तो खुंट कुंपणावर चढला आहे आणि त्याला लहान पांढऱ्या फुलांचे घोस येतात.